वसाहतकाळातला स्कॉटिश पूर्वज शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक अमेरिकेत सासरी गेली ती नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जुन्या स्कॉटिश घरात. व्याह्यांना तीन पिढ्यांपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. मला आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची सवय, म्हणून त्यात हात घातला, तो अजून निघालेला नाही. हे कळल्यापासून तिकडच्या मराठी मंडळींचे प्रश्न येत राहतात. कोणाची सून, कोणाचा जावई, कोणाच्या नातवाला शाळेत वंशवृक्ष करायचा असतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. ‘वसाहतकाळ’ म्हणजे इथे १७७६ च्या आधीचा काळ धरला आहे.

१. पूर्वज स्कॉटलंडचा होता एवढं नक्की आहे. मग थेट तिथल्याच नोंदी शोधाव्यात ना?

नको. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. स्कॉटलंडात आडनावं थोडी आणि पाळण्यातली नावं त्याहून थोडी. जॉन, जेम्स, अलेक्झांडर, डंकन, डोनाल्ड एवढ्यात गाव संपतं. त्यामुळे ‘जॉन कॅम्पबेल, जन्म १७२० च्या आसपास’ एवढ्या माहितीवर शोधलंत तर पन्नास जॉन कॅम्पबेल सापडतील आणि त्यातला आपला कोण हे सांगणारं काहीच हाताशी नसेल.

आज जिवंत असलेल्या माणसापासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा. प्रत्येक पिढीला ‘हा याचा मुलगा’ असं म्हणणारा एक तरी कागद हवा. अमेरिकेतल्या ज्या काउंटीत तो पहिला माणूस राहिला, तिथलं दप्तर आधी पिंजून काढा: जमिनीचे दस्त, मृत्युपत्रं, कराच्या याद्या, कोर्टाची रोजनिशी. स्कॉटलंडातल्या गावाचं नाव बहुधा अमेरिकेतल्याच एखाद्या कागदात दडलेलं असतं.

२. सासरचे स्वतःला ‘स्कॉच-आयरिश’ म्हणवतात. म्हणजे स्कॉटिश की आयरिश?

हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण यावर कुठल्या देशाचं दप्तर उघडायचं ते ठरतं. तीन प्रवाह आहेत.

पहिला लोलँड, म्हणजे दक्षिणेकडचा आणि पूर्वेकडचा सखल भाग. इथले लोक स्कॉट्स किंवा इंग्रजी बोलणारे. व्यापारी, कारकून, डॉक्टर, शिक्षक, धर्मोपदेशक म्हणून सुटे सुटे गेले. १७०७ मध्ये इंग्लंडशी संसदीय एकीकरण झालं, इंग्रज वसाहतींशी व्यापार खुला झाला आणि ग्लासगोच्या तंबाखूच्या पेढ्यांनी व्हर्जिनिया-मेरीलँडात आपले गुमास्ते बसवले.

दुसरा हायलँड, वायव्येकडचा डोंगराळ मुलूख आणि बेटं. भाषा गेलिक. हे लोक घोळक्याने गेले आणि घोळक्यानेच वसले: जॉर्जियातलं डेरियन (१७३६), नॉर्थ कॅरोलायनात केप फिअर नदीचं खोरं (१७३९ पासून), न्यूयॉर्कमधलं मोहॉक खोरं.

तिसरा अल्स्टर. सतराव्या शतकात स्कॉटलंडातून उत्तर आयर्लंडात जाऊन वसलेले प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडातल्या मुख्य प्रोटेस्टंट पंथाचे लोक. तिथे दोन-चार पिढ्या काढून १७१८ पासून ते मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. ‘स्कॉच-आयरिश’ हे यांनाच म्हणतात. घर पेनसिल्व्हेनियातून शेनँडोआ खोऱ्यातून खाली कॅरोलायनात सरकत आलेलं असेल, तर शंका आधी यांचीच घ्या. त्यांच्या नोंदींचं दुखणं वेगळं आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

३. तो कोणत्या जहाजाने आला? प्रवाशांची यादी कुठे मिळेल?

सर्वात जास्त आलेला प्रश्न हा, आणि उत्तर निराश करणारं आहे: बहुधा मिळणार नाही. बोटीवरच्या प्रवाशांची यादी देण्याची सक्ती अमेरिकेने १८२० पासून केली. त्याआधी पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून याद्या ठेवत, पण त्या जर्मनांसारख्या परक्या मुलखातल्या लोकांच्या. स्कॉट माणूस ब्रिटिश राजाचाच प्रजाजन. एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे गेला, एवढंच. त्याची नोंद कोण कशाला घेईल? याच कारणाने त्याच्या नागरिकत्वाचे कागदही शोधत बसू नका.

तरी एक अपवाद जिवाला लावून घ्यावा असा आहे. १७७३ पर्यंत इतके लोक निघून जाऊ लागले की लंडनचं सरकार घाबरलं आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना जाणाऱ्यांची नोंद ठेवायला सांगितलं. १७७६ पर्यंतच्या या नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. स्कॉटलंडचा गठ्ठा टी ४७/१२. नाव, वय, धंदा, गाव, कुठे निघाला, आणि सर्वात मोलाचं म्हणजे का निघाला! जमीनदाराने खंड वाढवला, धान्य महाग झालं, गुरं मेली. माणसाच्या तोंडचं कारण असं क्वचितच कुठे लिहून राहिलेलं असतं. पूर्वज या दोन-अडीच वर्षांत गेला असेल तर आधी हेच पाहा. सगळ्या बंदरांनी याद्या इमानाने पाठवल्या नाहीत, म्हणून नाव नसलं तर ‘तो गेलाच नाही’ असं मात्र धरू नका.

दुसरा अपवाद कैद्यांच्या याद्यांचा. तो प्रश्न ६ मध्ये.

४. जहाज नाही, यादी नाही. मग मूळ गाव कळायचं कसं?

आडवाटेने. ज्या कागदांनी मला किंवा मला लिहिणाऱ्यांना हात दिला, ते सांगते.

मृत्युपत्र. पूर्वजाचंच नव्हे, त्याच्या बिनलग्नाच्या भावाचं, काकाचं, भागीदाराचंही. पोरंबाळं नसलेला माणूस ‘अमुक पॅरिशात राहणाऱ्या माझ्या बहिणीला’ असं लिहून जातो, तेव्हा पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाचं) नाव पडून मिळतं. अमेरिकेत मेलेल्या माणसाची मालमत्ता स्कॉटलंडात असेल, तर काम एडिंबरोच्या कमिसरी कोर्टात जाई. इंग्लंडात असेल तर कँटरबरीच्या धर्मन्यायालयात. दोन्ही ठिकाणच्या नोंदी नेटवर शोधता येतात.

वारस-चौकशी. स्कॉटलंडात जमिनीच्या वारसाला पंचांपुढे नातं शाबीत करावं लागे. त्या निकालांना ‘सर्व्हिसेस ऑफ एअर्स’ किंवा ‘रिटूर’ म्हणतात. धाकटा भाऊ व्हर्जिनियात जाऊन बसला आणि इकडे थोरला निपुत्रिक वारला, की धाकट्याचं नाव ‘व्हर्जिनियातला व्यापारी’ असं या कागदात येतं. मूळ निकाल १८४७ पर्यंत लॅटिनमध्ये आहेत, पण सूच्या छापलेल्या आहेत. घरात जमीन नसेल तर ही वाट बंद.

थडग्याचा दगड. हायलँडर लोकांना गावाचं नाव दगडावर कोरायची हौस होती.

वर्तमानपत्रं. पळून गेलेल्या नोकराला धरून देणाऱ्यास बक्षीस, अशा जाहिराती ‘व्हर्जिनिया गॅझेट’ आणि ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये सतत असत. उंची, देवीचे वण, धंदा, आणि ‘जाड स्कॉच बोली बोलतो’ असं सगळं त्यात येई. एका बाईंना त्यांच्या नवऱ्याच्या पूर्वजाचं एकमेव वर्णन अशाच जाहिरातीत सापडलं. घरच्यांना ते फारसं आवडलं नाही, पण पुरावा तो पुरावा.

परोपकारी मंडळं. बॉस्टनची स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी १६५७ ची, चार्ल्सटनची सेंट अँड्र्यू सोसायटी १७२९ ची. सभासदांच्या आणि मदत मिळालेल्यांच्या याद्या पाहा.

आणि हे काहीच नसेल तर शेजारी. हा मार्ग सर्वात लांबचा, पण हायलँडरांच्या बाबतीत सर्वात भरवशाचा. १७३९ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आर्गाइलहून सुमारे साडेतीनशे माणसं केप फिअरला उतरली, ती तिकडे ज्यांच्या शेजारी होती त्यांच्याच शेजारी इकडे जमिनी घेऊन राहिली. दस्तावरचे साक्षीदार, शेताच्या चतुःसीमा, मुलांच्या लग्नात आलेली आडनावं, कर्जाला राहिलेला जामीन, सगळ्यांची यादी करा. त्यातल्या पाच घरांचं मूळ एकाच बेटावर निघालं, तर सहावं घर तिथेच शोधायला लागा. आमच्या जावयाच्या घराचा पत्ता असाच लागला. त्याच्या पूर्वजाने स्वतःबद्दल ओळभरही लिहून ठेवलेलं नाही, पण त्याच्या साडूने ठेवलं होतं.

५. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात, तसं स्कॉटलंडात काही आहे का?

पिढ्या जोडून ठेवलेली वही नाही. आहेत त्या सुट्या नोंदी, चर्चच्या. जोडायचं काम आपलं.

चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशवार नोंदवह्यांत बाप्तिस्मा, लग्नाची घोषणा आणि दफन लिहिलेलं असतं. सर्वात जुनी वही पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. सरकारी जन्ममृत्यू नोंद १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, तोवर आधार याच वह्यांचा. पण एरलवरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका. हायलँड आणि बेटांवरच्या कित्येक पॅरिशांची वही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, काहींची त्याही नंतर सुरू होते. तुमचा माणूस १७३९ ला गेला आणि त्याच्या पॅरिशची वही १७७० ला सुरू झाली असेल, तर त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद जगात कुठेच नाही. आधी वही कधीपासूनची आहे ते बघावं, मग नाव शोधावं. १७३३ मध्ये फुटून निघालेले सिसेशन पंथाचे लोक, एपिस्कोपल आणि कॅथलिक यांची नावं या वह्यांत हमखास सापडतील असंही नाही.

हे सगळं ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. सूचीत शोधणं फुकट, मूळ पानाचं चित्र पाहायला पैसे. गंमत म्हणजे ‘कर्क सेशन’ची, म्हणजे चर्चच्या पंचायतीची इतिवृत्तं मात्र फुकट पाहता येतात, आणि रस त्यातच जास्त आहे. कोण रविवारी दारू प्यायला, कोणाला लग्नाआधी मूल झालं, कोणाला ‘टेस्टिफिकेट’ म्हणजे गाव सोडताना चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला. हा दाखला अमेरिकेला निघालेल्या घरासाठी सोन्यासारखा. पण या पानांना नावांची सूची नाही. पान पान उलटावं लागतं.

६. ‘आमचा पूर्वज कलोडनच्या लढाईनंतर पकडून आणलेला कैदी होता’ असं घरी सांगतात. खरं असेल का?

असेलही, पण ही कथा जितक्या घरांत सांगतात तितके कैदी नव्हतेच. कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ची. स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्सने गादीसाठी केलेला उठाव तिथे मोडला. त्या उठावातल्या नऊशेहून अधिक कैद्यांना हद्दपारीची शिक्षा झाली आणि त्यातले पुष्कळ वेस्ट इंडीजला धाडले गेले. ‘जॉन्सन’ आणि ‘गिल्डार्ट’ ही दोन जहाजं १७४७ मध्ये मेरीलँडला लागली. ‘व्हेटरन’ नावाचं तिसरं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि त्यातले कैदी मार्टिनिक बेटावर सोडून दिले. याद्या शिल्लक आहेत, तपासा. पूर्वज नॉर्थ कॅरोलायनात स्थिरावला असेल, तर लक्षात ठेवा की तिथली आर्गाइलची वसाहत लढाईच्या सात वर्षं आधीची आहे, आणि आर्गाइलचे कॅम्पबेल तर राजाच्या बाजूने लढले. वाढलेला खंड आणि स्वस्त जमीन हे खरं कारण सांगण्यापेक्षा हरलेल्या राजपुत्राची गोष्ट नातवंडांना सांगायला बरी वाटते, दुसरं काय.

कैदी म्हणून आलेल्यांच्या आणखी लाटा आहेत. डनबारची लढाई ३ सप्टेंबर १६५० ला झाली. इंग्रज सेनापती क्रॉमवेलने पकडलेल्या स्कॉट लोकांना दरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये कोंडलं, तिथे ते शेकड्यांनी मेले. २०१३ मध्ये जवळच बांधकाम करताना हाडं सापडली आणि ती याच कैद्यांची, असा निष्कर्ष दरहॅम विद्यापीठाने २०१५ मध्ये काढला. वाचलेल्यांपैकी सुमारे दीडशे जण ‘युनिटी’ जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आले आणि सॉगसच्या लोखंडाच्या कारखान्यात, मेनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत कामाला जुंपले गेले. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला वूस्टरची लढाई. तिथल्या कैद्यांना घेऊन ‘जॉन अँड सारा’ बॉस्टनला आलं. त्याची २७२ नावांची यादी तिथल्या दस्तांच्या वहीत नोंदवली गेली म्हणून टिकली. १६८५ मध्ये ‘हेन्री अँड फ्रान्सिस’ने कव्हेनंटर पंथाचे (चर्चवर राजाची सत्ता न मानणारे) कैदी न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉयला आणले. वाटेत तापाने कितीतरी गेले.

या याद्या लिहिणारे इंग्रज कारकून होते आणि नावं सांगणाऱ्यांत गेलिक बोलणारेही होते. मग नावांचं काय झालं असेल ते ओळखा.

७. करारबद्ध नोकर म्हणून आला असेल तर कराराचा कागद मिळेल?

क्वचित. मुदत संपली की करार फाडून टाकत. फिलाडेल्फियाची १७७१ ते १७७३ ची नोंदवही शिल्लक आहे, ती पाहा.

व्हर्जिनियात माणूस आणल्याबद्दल डोई ५० एकर जमीन मिळे, आणि त्या दस्तात आणलेल्यांची नावं असतात. पण हे हक्क विकले जात, हातोहात फिरत, आणि दस्त कधी कधी काही वर्षांनी होई. म्हणून दस्ताची तारीख ही येण्याची तारीख समजू नका. तो त्याआधी आला, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

८. नाव जुळलं, वर्ष जुळलं, वडिलांचं नावही जुळलं. आता तरी हाच ना?

मलाही असंच वाटलं होतं. आठ महिने मी एका डंकनच्या मागे होते. बाप्तिस्मा मिळाला, भावंडं मिळाली, गावाचे फोटोसुद्धा व्याह्यांना पाठवून झाले. मग एका रात्री त्याच पॅरिशच्या वहीत आणखी पुढे गेले तर हा डंकन तिथेच लग्न करून सहा लेकरांचा बाप झालेला! तो अमेरिकेला गेलाच नव्हता.

तेव्हापासूनचा माझा नियम: सापडलेला माणूस आपला आहे हे सिद्ध करण्याआधी, तो आपला नाही हे सिद्ध करायचा प्रयत्न करावा. तो लहानपणी वारला का? तिथेच लग्न झालं का? वडिलांच्या मालमत्तेच्या कागदात ‘परदेशी असलेला मुलगा’ असा उल्लेख आहे का? त्याच पॅरिशात त्याच नावाचे आणखी किती? नेटवरच्या तयार वंशवृक्षांत हा प्रयत्न कोणी केलेला नसतो. चाळीस जणांनी एकच चूक एकमेकांची पाहून उतरवली की ती चाळीस पुराव्यांसारखी दिसते.

९. मुलांच्या नावांवरून आजोबांचं नाव ओळखता येतं म्हणतात. खरं?

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवत, तशीच ही रीत, जरा जास्त काटेकोर. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. दोन्ही आजोबांचं नाव एकच असेल, किंवा जमीनदाराला खूश करायचं असेल, तर क्रम मोडतो. मूल गेलं तर तेच नाव पुढच्याला देतात. याचा उपयोग शोधाची दिशा ठरवायला करा, पुरावा म्हणून नको.

१०. आडनाव प्रत्येक कागदात वेगळं लिहिलंय. ‘मॅक’ आणि नुसतं ‘मक’ वेगळी घराणी का?

नाही. लिहिण्याच्या तऱ्हा आहेत, बाकी काही नाही. त्यावरून स्कॉटिश की आयरिश हेही ठरत नाही.

खरा गोंधळ गेलिक नावांचा. पाद्री वही इंग्रजीत लिही आणि नावाचं भाषांतर करून टाकी. ‘मॅक अन टीर’ म्हणजे सुताराचा मुलगा. त्याचं मॅकिंटायर झालं, तसंच राइटही झालं. लोहाराच्या मुलाचं मॅकगोवन झालं आणि सरळ स्मिथही झालं. हायलँडमध्ये साधी माणसं बापाचं, आजाचं नाव लावून ओळखली जात, आडनाव कागदापुरतं. मॅकग्रेगर नावावर तर १६०३ मध्ये राजाने बंदीच घातली. मधली काही वर्षं ती सैल झाली, पण कायमची उठायला १७७० चं दशक उजाडलं. त्यामुळे त्या घरांनी मरे, ग्रँट, कॅम्पबेल असं मिळेल ते नाव घेतलं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. स्कॉटलंडात लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कागदात टिकतं. मृत्युपत्रात, बाप्तिस्म्यात, दगडावर. इंग्रजांच्या नोंदींत बायको नुसती ‘मेरी’ होऊन हरवते, तशी इथे हरवत नाही. शोध अडला की बाईच्या बाजूने सुरू करा.

११. लग्न १७११ च्या मार्चमध्ये आणि मूल १७११ च्या फेब्रुवारीत? की कागदच चुकलाय?

कागद बरोबर आहे. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत नवं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू होई. म्हणजे मार्च १७११ च्या अखेरीस लग्न आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी, ज्याला आपण फेब्रुवारी १७१२ म्हणू तेव्हा, मूल. काही कारकून ‘१७११/१२’ असं लिहीत. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी धरली होती. त्यामुळे एकाच दिवसाला बॉस्टनच्या वहीत एक साल आणि एडिंबरोच्या वहीत दुसरं असू शकतं. शिवाय सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. आपल्या टिपणात तारीख कागदात आहे तशीच लिहा, सुधारणा बाजूला.

१२. स्कॉटिश कागदातले शब्द इंग्रजीच आहेत, तरी अर्थ लागत नाही.

काही शब्द फसवे आहेत. ‘ऑफ’ आणि ‘इन’ यांत जमीन-अस्मानाचा फरक: नावापुढे ‘ऑफ’ अमुक असेल तर तो त्या जागेचा मालक, ‘इन’ असेल तर तिथलं कूळ. हा फरक न कळल्याने कितीतरी कुळं नेटवर जहागीरदार होऊन बसली आहेत. ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, वकील. ‘नॅचरल सन’ म्हणजे लग्नाबाहेरचा मुलगा. ‘रिलिक्ट’ म्हणजे विधवा, ‘अमक्विल’ म्हणजे कैलासवासी. ‘टॅक्समन’ कर गोळा करणारा नव्हे, जमीनदाराकडून मोठा पट्टा घेऊन पुढे कुळांना देणारा.

अक्षराचं म्हणाल तर सतराव्या शतकातली ‘सेक्रेटरी’ वळणाची लिपी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मोडी आठवली. आठवडाभर काहीच लागत नाही, मग एकदम लागायला लागतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने शिकण्याचे धडे नेटवर फुकट ठेवले आहेत.

१३. मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नावच नाही. घरातून काढून टाकला होता का?

उलट, बहुधा सगळं त्यालाच मिळालं होतं. स्कॉटलंडात १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने देताच येत नसे. ती कायद्याने थोरल्याकडे जाई. मृत्युपत्रात येतात गुरं, भांडी, येणी-देणी. म्हणून थोरला वारस-चौकशीत शोधायचा (प्रश्न ४) आणि धाकटे मृत्युपत्रात. अमेरिकेतही असं दिसतं: बापाने हयातीतच थोरल्याला शेत लिहून दिलेलं असतं. खरेदीखतांच्या वहीत पाहा. ‘प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी’ किंवा पाच शिलिंगला दिलेली जमीन दिसली की समजा बाप-लेक असावेत.

१४. नोंदीच जळाल्या असतील तर?

अल्स्टरवाल्यांचं हे दुखणं. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार १९२२ मध्ये यादवी युद्धात जळालं. पण प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या वह्या बऱ्याच त्यांच्याकडेच होत्या, म्हणून वाचल्या. १६३० च्या सुमाराची हत्यारबंद माणसांची यादी, १६६० च्या दशकातल्या चूलकराच्या याद्या, १७४० ची प्रोटेस्टंट घरांची यादी आणि १७६६ ची धर्मवार गणती यांचे तुकडे नकलांमधून शिल्लक आहेत. बेलफास्टच्या अभिलेखागारात चौकशी करा.

अमेरिकेत व्हर्जिनिया आणि कॅरोलायनांतली काही काउंटी कोर्टं जळाली. तेव्हा काउंटीवर न अडता राज्याच्या दप्तरात जा, कारण जमिनीची सनद वरून निघे. १७९० च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. व्हर्जिनिया, जॉर्जिया, न्यू जर्सी, डेलावेअर यांची पानं तर हरवलीच. कराच्या याद्यांवर भागवावं लागतं.

१५. दुकानात आमच्या घराण्याचं मानचिन्ह आणि टार्टन (चौकड्यांचं स्कॉटिश कापड) मिळालं. लग्नात वापरू का?

टार्टन खुशाल वापरा. फक्त तुमच्या १७४० च्या पूर्वजाने तेच नेसलं होतं असं सांगू नका. आडनावागणिक ठरलेली टार्टनं बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली आहेत, १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला त्यानंतर फोफावलेली.

मानचिन्हाचं वेगळं आहे. स्कॉटलंडात ते घराण्याचं नसतं, एका माणसाचं असतं, आणि मानचिन्हांचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड लायनच्या कोर्टाच्या १६७२ पासूनच्या नोंदवहीत असल्याशिवाय ते वापरणं तिथे बेकायदा आहे. आणि कॅम्पबेल आडनाव असलं म्हणजे आर्गाइलच्या ड्यूकशी, त्या घराण्याच्या सरदाराशी, रक्ताचं नातं असतंच असंही नाही. कूळ सरदाराचं नाव लावी.

१६. डीएनए चाचणी केली तर हा सगळा खटाटोप वाचेल का?

वाचणार नाही, पण शेवटच्या टप्प्याला मदत होईल. सर्वसाधारण चाचणीत जो अंश मोजतात तो दर पिढीला निम्मा होत जातो. १७४० चा माणूस आजच्या तरुणाच्या आठ-दहा पिढ्या मागे. इतक्या मागच्या एखाद्या पूर्वजाचा अंश कधी कधी उरतच नाही. उपयोगाची ती वाय गुणसूत्राची चाचणी, कारण ते बापाकडून मुलाला जवळपास तसंच येतं. त्यासाठी आडनाव अखंड चालवलेला पुरुष वंशज हवा. एक अमेरिकेतला आणि एक स्कॉटलंडात राहिलेल्या शाखेतला असे दोघे जुळले, तर समजा गड सर झाला. ज्याची चाचणी करायची त्याला आधी नीट सांगा, कारण कधी कधी निघतं ते भलतंच.

१७. मृत्युपत्रात गुलामांची नावं निघाली. घरच्यांना सांगू की नको?

सांगा, आणि ती नावं जशीच्या तशी उतरवून ठेवा: नाव, वय, किंमत, कोणाच्या वाट्याला गेलं. हे टाळलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे. डेरियनच्या अठरा हायलँडरांनी जानेवारी १७३९ मध्ये गुलामगिरीला विरोध करणारा अर्ज केला, तो अभिमानाने दाखवतात. पुढे जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर झाल्यावर स्कॉट मालकही झाले, ते सांगत नाहीत.

दुसरी बाजू अशी: गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. त्याआधीचा त्यांचा माग मालकांच्या मृत्युपत्रांतून आणि मालमत्तेच्या याद्यांतूनच लागतो. तुमच्या हातातला कागद दुसऱ्या कोणाची एकुलती एक वंशावळ असू शकते. मॅकनील, मॅकडोनाल्ड अशी आडनावं लावणाऱ्या कृष्णवर्णीय घरांतून मलाही पत्रं आली आहेत, त्यांनाही वाट हीच आहे. फक्त आडनाव मालकाचं असलं म्हणजे रक्तही त्याचं, असं कागदाशिवाय किंवा डीएनएशिवाय धरू नये.

१८. १७७६ नंतर पूर्वज काउंटीतून गायबच झाला. मेला का?

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो राजनिष्ठ, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूचा, होता का ते आधी पाहा. केप फिअरचे बरेच हायलँडर राजाच्या बाजूने उभे राहिले आणि २७ फेब्रुवारी १७७६ ला मूर्स क्रीकच्या पुलावर हरले. कलोडननंतर हरलेल्या राजपुत्राला निसटायला मदत करणाऱ्या फ्लोरा मॅकडोनाल्डचा नवरा त्यातच पकडला गेला. ती स्वतः १७७४ मध्ये आली होती, १७७९ मध्ये परत गेली. मोहॉक खोऱ्यातले हायलँडर कॅनडात, आजच्या ओंटारियोतल्या ग्लेनगॅरी काउंटीत जाऊन बसले. कोणी नोव्हा स्कॉशियाला गेले.

अशांनी बुडालेल्या मालमत्तेची भरपाई ब्रिटिश सरकारकडे मागितली, त्याच्या अर्जांचे गठ्ठे क्यूला एओ १२ आणि एओ १३ या क्रमांकांखाली आहेत. भरपाई हवी म्हणून माणूस सगळं सांगतो: कुठला, कधी आलो, किती एकर, किती गाई, कोण साक्षीदार. जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांचे कागद जास्त बोलके निघाले, हे त्यातलं विचित्र.

१९. गाव सापडलं! उन्हाळ्यात जाऊन यायचं ठरतंय. आधी काय करू?

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जनरल रॉयचा लष्करी नकाशा पाहा. तो १७४७ ते १७५५ मध्ये काढला, म्हणजे तुमचा माणूस निघाला त्याच सुमाराचा. त्यात घरांचे ठिपके आणि शेतंसुद्धा दिसतात, पण बेटं नाहीत. मग १७९० च्या दशकातल्या ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’ या पॅरिशवार माहितीच्या ग्रंथात त्या पॅरिशच्या पाद्र्याने काय लिहिलंय ते वाचा. अमेरिकेला किती घरं गेली, हे कित्येकांनी नोंदवलं आहे. कागद बघायला एडिंबरोत थांबणार असाल तर अभिलेखागारात जागा आधी राखून ठेवा.

गावात पोचल्यावर बहुधा गाव नसेल. गवतात बुडालेले दगडी पाये असतील आणि आसपास मेंढ्या. पायात उंच बूट घाला, जमीन ओली असते.